शेतकरी खरं का सांगत नाही? पाचटापासून पैसेवारीपर्यंतचा हिशेब

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्ह्यात एक चित्र ठरलेलं असतं. करवीर घ्या, हातकणंगले घ्या, शिरोळ घ्या. ऊस तुटून टोळी पुढच्या रानात गेली की चार-आठ दिवसांत रात्री कुठंतरी जाळ दिसतो. सकाळी अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी पडलेली असते. आणि त्याच शिवारात कुणी वही घेऊन गेलं, "पाचट जाळता का?" असं विचारलं, तर उत्तर बहुतेक ठिकाणी एकच मिळतं. "छे हो, आम्ही कुजवतो."

मग शहरातला माणूस म्हणतो, शेतकरी खोटं बोलतो. गावाकडचा म्हणतो, शेतकऱ्यावर बोलायचं काम नाही. ह्या दोन्ही बाजू सोप्या आहेत. मला ह्यात एक जुना हिशेब दिसतो. शेतकऱ्याला प्रश्न विचारायची आपल्याकडची रीतच दोनशे वर्षांत अशी घडली, की खरं सांगणं त्याला परवडू नये. पोस्ट लांब आहे, पण सवडीनं वाचा. कारण पुढच्या काही वर्षांत ह्या उत्तरांवर दंड, अनुदान आणि कार्बन क्रेडिटचे पैसे ठरणार आहेत.

आधी पाचटाचंच बोलू. उसाच्या एका हेक्टरातून साधारण ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात नत्र, स्फुरद, पालाश असतं आणि सगळ्यात मोलाचा असतो तो सेंद्रिय कर्ब. जाळलं की नत्र जवळपास सगळं हवेत जातं, कर्बही जातो, हातात राहते ती मूठभर राख. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठानं पाचट कुजवायची पद्धत कधीच सांगून ठेवली आहे. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो जिवाणू संवर्धन. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचं, पाणी द्यायचं. हे माहीत नसलेला ऊस बागायतदार आज आपल्या जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही.

तरी जाळ का लागतो? कारणं रानातली आहेत. पाचटात पाटपाणी पुढं सरकत नाही. उंदीर-सापाची भीती. कुट्टी करायची तर ट्रॅक्टरवालं यंत्र वेळेवर मिळत नाही, मिळालं तर भाडं. वाढं टोळीवाले बैलांना नेतात, पाला तेवढा मागं राहतो. खोडवा ठेवायचा असेल तर पाचट ठेवलं जातं. खोडवा काढून रान नांगरायचं असेल तर काडी ओढली जाते. म्हणजे एकच शेतकरी एका रानात पाचट कुजवतो आणि ओढ्याकडच्या दुसऱ्या रानात जाळतो. त्याला "जाळता का?" विचारलं आणि त्यानं "नाही" म्हटलं, तर तो पहिल्या रानाबद्दल खरं बोलतोय. अर्धं खरं. प्रश्नानंच त्याच्याकडून दोन रानांचं एक उत्तर मागितलं.

शिवाय समोरच्याला बरं वाटेल ते बोलायची माणसाची खोड असते. डॉक्टरनं "तंबाखू खाता का?" विचारल्यावर आपण काय सांगतो ते आठवा. जगभर शेतीच्या सर्वेक्षणात हा अनुभव येतो. चांगली समजली जाणारी पद्धत सांगताना थोडी वाढवून सांगितली जाते आणि वाईट समजली जाणारी दडवली जाते. पण आपल्याकडं ह्या खोडीला इतिहासानं खतपाणी घातलं आहे. तिकडंच वळू.

सुरुवात आपल्याच मातीतून करू. रामचंद्रपंत अमात्य, बावडेकर. गगनबावड्याची जहागिरी ज्यांच्या घराण्याकडं होती ते. करवीरच्या गादीवर संभाजीराजे असताना, १७१५ च्या सुमारास, त्यांनी राज्यकारभाराची जी रीत लिहून ठेवली ती आज्ञापत्र म्हणून आपल्याला ठाऊक आहे. त्यात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा भाग आहे. आंबा, फणसासारख्या झाडांना हात लावू नये, असं तिथं बजावलं आहे. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं लेकरासारखी जपलेली असतात. फारच गरज पडली आणि झाड जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानं न्यावं. जबरदस्ती अजिबात नको.

ह्यात बघण्यासारखं काय आहे? तुझ्याकडं किती झाडं आहेत, त्यातली किती जपलीस, असा जबाब हे आज्ञापत्र रयतेकडं मागत नाही. झाड रयत जपतेच हे ते धरून चालतं आणि बंधन घालतं ते सरकारच्या माणसावर. प्रत्यक्षात गावोगाव काय घडत होतं हा वेगळा विषय. पण विश्वास आधी कुणी दाखवायचा, ह्याबद्दल लिहिणाऱ्याच्या मनात गोंधळ नव्हता.

मग इंग्रज आले आणि प्रश्न बदलला. पेशवाई गेल्यावर दख्खनचा सारा ठरवायचं काम आर. के. प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडं आलं. १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात त्यानं मोजणी केली. हिशेब पुस्तकी होता. कुठल्या मातीत किती पिकतं, त्यातून खर्च वजा जाता शेतकऱ्याला निव्वळ किती उरतं, आणि त्या उरल्याचे ५५ टक्के सरकारचे. आता सांगा, ज्या आकड्याचे ५५ टक्के न्यायला सरकार दारात उभं आहे, तो आकडा कोण खरा सांगेल? शेतकऱ्यानं कमी सांगितला, गावकामगारानं हात ओले झाले तसा कमी-जास्त लिहिला. त्यात धान्याचे भाव कोसळले. सारा झेपेना, लोक जमिनी टाकून गेले. मोजणी फसली.

१८३५ च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोघांनी दुसरी वाट धरली. पीक किती आलं हे विचारायचंच नाही. माती बघायची. काळी आहे का तांबडी, खोली किती, चुनखडी आहे का, उतार आहे का. त्यावरून जमिनीची प्रत आण्यांत लावायची आणि सारा ठरवून ३० वर्षं त्याला हात लावायचा नाही. पुढं मुंबई इलाखाभर हीच पद्धत झाली, आणि आपल्या कोल्हापूर संस्थानातही तिच्याच धर्तीवर पाहणी झाली. शेतकरी खरं बोलेल का ह्या प्रश्नावर त्यांनी काढलेली तोड साधी होती: खोटं बोलून फायदा होईल असा प्रश्नच ठेवू नका. माती तर खोटं बोलत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा झाला, त्याच्या १०७ व्या कलमात एक सवलत आहे. शेतकऱ्यानं स्वतःच्या खर्चानं विहीर पाडली, ताल घातली, जमीन सुधारली, आणि त्यामुळं उत्पन्न वाढलं, तर फेरआकारणीच्या वेळी त्या वाढीवर सारा चढवायचा नाही. सुधारणा केली म्हणून शिक्षा नाही. त्या काळच्या सरकारच्या दानतीबद्दल मला फार प्रेम नाही. महसूल चालू राहावा एवढाच त्यांचा हेतू. पण एवढी अक्कल त्यांना आली होती, की जमीन जपणाऱ्याला ती गोष्ट लपवावी लागू नये.

आता ह्याच्या उलटी बाजू. आणेवारी. आपण आज पैसेवारी म्हणतो ती. पीक सोळा आण्यांपैकी किती आलं, हे डोळ्यांनी बघून ठरवायचं आणि त्यावर साऱ्याची सूट ठरवायची. १९१८ साली गुजरातेत खेडा जिल्ह्यात ह्यावरूनच पेटलं. पीक चार आण्यांच्या आत असेल तर पूर्ण वसुली तहकूब, असा नियम. शेतकरी म्हणाले, चार आण्यांच्या आत आहे. सरकार म्हणालं, वर आहे, तुम्ही खोटं बोलताय. गांधीजींनी गावोगाव चौकशी केली आणि मग सत्याग्रह. त्या सत्याग्रहाची प्रतिज्ञा बघितली तर नवल वाटतं. तिच्यात पैशाइतकाच मान आहे. आपण होऊन सारा भरला तर आम्ही खोटे ठरू, त्यापेक्षा जमीन जप्त झाली तरी चालेल, असा तिचा भाव आहे. ज्यांची ऐपत होती त्यांनीही भरायचं नाही, कारण त्यांनी भरलं की गरिबाचा शब्द खोटा पडतो.

म्हणजे बघा, शेतकरी खरं बोलतो का, हा वाद शंभर वर्षांपूर्वी इतक्या टोकाला गेला होता. तेव्हा शेतकऱ्यानं आपल्या आकड्याखाली सही केली आणि त्याची किंमत मोजायची तयारी दाखवली. खरं सांगायला तो तयार असतो. त्याला आधी हे कळावं लागतं, की आपला शब्द कुणीतरी मोजतोय.

नजरेच्या अंदाजाचा हा घोळ सोडवायला पुढं आपल्याच भागातला एक माणूस उभा राहिला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. १९४० च्या दशकात त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी पीक कापणी प्रयोगाची शास्त्रीय पद्धत देशभर रुजवली. शेत चिठ्ठी टाकल्यासारखं निवडायचं, त्यातला ठरावीक तुकडा आखायचा, तेवढंच कापायचं, मळायचं, वजन करायचं. शेतकऱ्याला विचारायचं नाही, तलाठ्याच्या अंदाजावरही राहायचं नाही. बंगालात प्रशांतचंद्र महालनोबिस ह्याच प्रश्नावर काम करत होते. पीक विम्यासाठी आजही गावात जे कापणी प्रयोग होतात, त्याचं मूळ इथं आहे.

पण सगळंच असं कापून मोजता येत नाही. पीक पाहणीच घ्या. सातबाऱ्यातला बारा नंबर म्हणजे पीक पाहणी. ती तलाठ्यानं बांधावर जाऊन करायची. प्रत्यक्षात किती बांधांवर पाय लागले आणि किती पाहण्या चावडीत बसून, गेल्या वर्षीचंच पीक खाली ओढून झाल्या, हे गावात कुणालाही विचारा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आता शेतकऱ्यानं स्वतः रानात उभं राहून मोबाईलवर फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचं. रेंज नाही, सर्व्हर चालत नाही, हे रडगाणं आहेच, आणि ते खरं आहे. तरी ह्यात एक मोठी गोष्ट घडली. आपल्या रानात काय आहे हे सरकारी कागदावर स्वतः लिहायचा अधिकार शेतकऱ्याला मिळाला. आजवर त्याच्याबद्दल दुसराच लिहीत होता.

मात्र त्या नोंदीत जमीन कशी जपली ह्याला जागा नाही. पीक कुठलं ते कळतं. ताग गाडला का, पाचट ठेवलं का, बांध किती रुंद ठेवला, ओढ्याकाठची झुडपं राखली का, ह्याचा रकाना नाही. जे विचारलं जात नाही ते सांगितलंही जात नाही. बियाणं राखणारी, शेणखत पाट्यांनी रानात टाकणारी घरातली बाई तर त्या कागदावर कुठंच नसते. सर्वे करणारा माणूस सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्याशी बोलून निघून जातो. तेव्हा शेतकरी वाढवून सांगतो हे खरं, पण तो कितीतरी चांगलं सांगतच नाही हेही तितकंच खरं. "त्यात काय सांगायचं, ते तर आपण करतोच की."

काही गोष्टी तर तो मुद्दाम सांगत नाही. झाडांचं बघा. १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड कायदा आहे. साग, आंबा, फणस, चंदन अशी ठरावीक झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. हेतू चांगला. पण परिणाम काय? बांधावर आपोआप उगवलेलं सागाचं रोप मोठं होऊ द्यायचं का लहान असतानाच उपटायचं, ह्याचा हिशेब शेतकरी आधीच करतो. झाडाची नोंद म्हणजे उद्याचा हेलपाटा, असं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. आज्ञापत्रात ज्या आंब्या-फणसाबद्दल राज्यानं स्वतःला आवर घातला होता, त्याच आंब्या-फणसाबद्दल आज मालकाला अर्ज करावा लागतो. झाड वाचवायचा हेतू तोच आहे, भरवसा मात्र उलटा फिरला.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, मी शेतकऱ्याला माफी मिळवून देतोय. तसं नाही. आता पाण्याकडं या.

धरणाचं पाणी घ्यायचं तर सात नंबरचा पाणी अर्ज भरायचा, त्यावर क्षेत्र लिहायचं. पाणीपट्टी त्या क्षेत्रावर. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं, स्वातंत्र्यानंतर ते पुरं झालं. त्या पाण्यावर भोगावती-पंचगंगेचा काठ हिरवा झाला. बरग्यांचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे तर राज्यभर आपल्या नावानं ओळखले जातात. एवढा मोठा वारसा असलेल्या जिल्ह्यात आपण पाण्याबद्दल किती खरं सांगतो? अर्जावर अर्धा एकर आणि पाणी पाऊण एकराला. कागदावर ठिबक, अनुदान उचललेलं, आणि लॅटरल गुंडाळून बांधावर किंवा घराच्या माडीवर. रात्री लाईट आली की मोटर चालू, दार मोडून पाणी सकाळपर्यंत सोडून दिलेलं.

हे खोटं सरकारशी बोललेलं वाटतं, पण त्याची भरपाई शेजारी करतो. पाटाच्या शेवटाला, टेलला ज्याचं रान आहे त्याच्यापर्यंत पाणी पोचत नाही, कारण वरच्यानं अर्जात न दाखवलेलं क्षेत्र भिजवलेलं असतं. तो टेलवाला बहुधा लहान शेतकरी. खेड्याच्या सत्याग्रहात ऐपतवाल्यानं गरिबाच्या शब्दाला धक्का लागू नये म्हणून सारा भरला नाही. इथं ऐपतवाला गरिबाचं पाणी पितो आणि वर म्हणतो, सरकारला कोण खरं सांगतंय.

आणि शेवटी जमीन सांगतेच. शिरोळ तालुक्यात जाऊन बघा. वर्षानुवर्षं पाण्याचा मारा, निचऱ्याची सोय नाही, ऊसावर ऊस. खालचे क्षार वर आले आणि एकेकाळची काळीभोर रानं पांढरी फटक पडली, क्षारपड झाली. कुठल्या अर्जात किती पाणी लिहिलं होतं ह्याला आता अर्थ नाही. मातीनं आपला जबाब लिहून दिला. गेल्या काही वर्षांत शिरोळच्या दत्त कारखान्यानं पुढाकार घेऊन जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करायचं काम केलं, त्यातून काही रानं परत पिकायला लागली. पण हे काम एकट्याच्या बांधाआड होत नाही. पाणी मुख्य चरापर्यंत न्यायला शेजाऱ्याच्या रानातून पाईप न्यावा लागतो. सगळ्यांनी एकत्र बसून, माझं एवढं रान गेलं, असं उघड कबूल केल्याशिवाय पहिली चारीसुद्धा खणता येत नाही.

"विचारूच नका, वरून बघा," असा आता एक नवा सूर आहे. उपग्रह. तोही तपासून घेऊ. आग टिपणाऱ्या उपग्रहांतला बराच वापरला जाणारा सेन्सर जमिनीकडं ३७५ मीटरच्या चौकोनांत बघतो. असा एक चौकोन म्हणजे सुमारे १४ हेक्टर, जवळजवळ ३५ एकर. आपल्याकडं वीस गुंठ्यांचं रान असतं. आग लहान असली तरी उष्णतेवरून टिपली जाऊ शकते, पण वीस गुंठ्यांतलं वाळलं पाचट बघता बघता जळून जातं आणि उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. पंजाब-हरियाणात भाताचं पाचट जाळण्यावर दंड लागला, नोंदी होऊ लागल्या. २०२४ च्या हंगामात नासाच्या एका शास्त्रज्ञानं कोरियाच्या, एकाच जागी थांबून सतत बघणाऱ्या उपग्रहाची चित्रं तपासली. दुपारी नोंद घेणारा उपग्रह निघून गेल्यावर धूर वाढत असल्याचं त्याला दिसलं. म्हणजे दंडानं आगीची वेळ बदलली. प्रिंगलच्या वेळी गावकामगाराचा डोळा चुकवायचा होता, आता आकाशातला डोळा चुकवायचा, एवढाच फरक.

दंडाच्या भीतीनं आपल्याकडं आणखी एक गोष्ट होते. ऊस पेटला की कारण ठरलेलं, शॉर्टसर्किट. ज्याचा ऊस लोंबत्या तारांमुळं खरोखर जळतो, त्याचं वर्षाचं उत्पन्न राख होतं. जळीत म्हणून कारखाना कपात करतो, आणि वर लोक डोळे मिचकावतात, ह्यानंच लावला असेल. चार जणांच्या खोट्यानं पाचव्याचं खरं बुडतं ते असं.

मग करायचं काय? उत्तरं इतिहासातच विखुरलेली आहेत, गोळा करायची.

पहिलं, प्रश्न रानातला विचारा. "जाळता का?" ऐवजी "गेल्या तुटीनंतर ह्या गटातल्या पाचटाचं काय केलं? आणि त्या दुसऱ्या रानातल्या?" काय अडचण आली, यंत्र मिळालं का, हेही विचारा. माणसाला अडचण सांगायला जागा दिली की तो खरं सांगतो, कारण मग ते खरं म्हणजे गुन्ह्याची कबुली राहत नाही.

दुसरं, विंगेटसारखं जमिनीला विचारा. मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून आहे. तिच्या रीतीत बागायत भागात अडीच हेक्टरच्या चौकोनाला एक नमुना. आपल्या गुंठ्यांच्या तुकड्यांत एका नमुन्यात किती जणांची रानं येतील हिशेब करा. एकानं दहा वर्षं पाचट कुजवलं आणि शेजाऱ्यानं जाळलं, तरी दोघांचा कर्ब कागदावर एकच. चांगलं करणाऱ्याला ते दाखवायची सोय नाही. स्वतःच्या गटाचा सेंद्रिय कर्ब दर दोन-तीन वर्षांनी तपासून कागद जपून ठेवा. उद्या कार्बनचे पैसे वाटायला कुणी आलं तर तो कागद तुमच्या शब्दामागं उभा राहील.

तिसरं, शेजाऱ्याचा डोळा. सेंद्रिय शेतीत पीजीएस म्हणून सहभाग हमी पद्धत आहे. त्यात गटातले शेतकरीच एकमेकांच्या रानात जाऊन बघतात आणि एकमेकांबद्दल सही करतात. ओळखीपाळखीत डोळेझाक होते, हा त्यातला धोका आहेच. पण कुणाच्या रानात कधी जाळ लागला हे उपग्रहापेक्षा आणि कारखान्याच्या चिटबॉयपेक्षा बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला जास्त ठाऊक असतं. पाण्याचंही तेच. २००५ च्या कायद्यानं पाणी वापर संस्थांना मोजून पाणी द्यायची वाट घातली. पाणी मोजून संस्थेच्या दारात आलं, की वरच्यानं किती घेतलं ते टेलवाला विचारू शकतो. तेव्हा खोटं बोलायचं ते सरकारशी राहत नाही, तोंडासमोरच्या माणसाशी बोलावं लागतं. ते जास्त जड जातं.

चौथं, आणि हे आपल्याच जिल्ह्यातलं. प्रताप चिपळूणकरांचं नाव शेतीत रस असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. शिफारशीप्रमाणं सगळं करूनही आपल्या रानाचं उत्पादन घटत गेलं, हे त्यांनी दडवलं नाही. का घटलं ते शोधलं, सूक्ष्मजीवशास्त्र वाचलं, विना नांगरणीकडं वळले आणि हे सगळं उघडपणे लिहीत राहिले. त्यांची प्रत्येक गोष्ट पटलीच पाहिजे असं नाही. पण "माझ्या रानात हे बिघडलं" असं नावानिशी लिहिणारा एक शेतकरी इतरांना खरं बोलायची हिंमत देतो. एरवी आपल्या गप्पांत प्रत्येकाचा उतारा ऐंशी-शंभर टनांचाच असतो.

शेवटचं सरकारला आणि कारखान्यांना. खरं सांगणाऱ्याला मार बसेल असा एकही फॉर्म काढू नका. पाचट जाळलं असं कबूल करणाऱ्याला दंडाच्या पावतीआधी कुट्टी यंत्राचा नंबर द्या. १८७९ च्या कायद्यात गोऱ्या साहेबाला जे कळलं होतं, जमीन सुधारणाऱ्यावर बोजा टाकायचा नाही, त्याच्याच जोडीला आज हे कळायला हवं, की बिघाड सांगणाऱ्यावरही टाकायचा नाही. आणि आम्हा शेतकऱ्यांना एवढंच, की साऱ्याची भीती असतानाचं खोटं एक वेळ समजून घेता येतं. ऊस शेतीचा सारा आज तसा नावालाच उरलाय. आता खोटा आकडा दिला तर तो आपल्याच मातीच्या खात्यावर पडतो, आणि ती मुदतवाढ देत नाही.

तुमच्या गावात पाचटाचं आणि पाण्याचं काय चाललंय, ते मनमोकळं लिहा. आपल्या रानाचं लिहिलंत तर जास्त बरं.